पीएम-किसान योजनेतील अपात्रता व वसुली

प्रधानमंत्री किसान सन्मान निधी (पीएम-किसान) या केंद्रीय योजनेत अपात्र ठरलेल्या शेतकऱ्याकडून, अपात्रतेच्या काळात जमा झालेले हप्ते परत घेतले जातात. १ डिसेंबर २०१८ पासून लागू असलेल्या या योजनेत भूधारक कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये तीन समान हप्त्यांत मिळतात. सोळावा हप्ता २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथून वितरित झाला.

उत्पन्न वाढले तर रक्कम घटत नाही. मागील करनिर्धारण वर्षात कुटुंबातील कोणी आयकर भरला असल्यास लाभ पूर्णच थांबतो. कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. सज्ञान मुलाचा कर येथे धरत नाहीत. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने यवतमाळसारख्या जिल्ह्यात कापसाला चांगला भाव मिळाला, एवढ्याने कोणी अपात्र होत नाही. दुकान वा नोकरीच्या उत्पन्नावर कर भरावा लागला, तर मात्र होतो. विवरणपत्र भरणे आणि कर भरणे यांत अनेकांची गल्लत होते; निकष कर भरण्याचा आहे.

आयकराच्या नोंदींशी पडताळणी मागाहून होते, तोवर हप्ते जमा होत राहतात व खर्चही होतात. महाराष्ट्रात वसुलीच्या नोटिसा तहसील कार्यालयांमार्फत बजावल्या गेल्या. लाभ स्वेच्छेने सोडण्याची व रक्कम परत करण्याची सोय योजनेच्या संकेतस्थळावर आहे.