समासातील प्रश्नचिन्ह : एका जुन्या कादंबरीच्या प्रतीचे इतिहासमूल्य

प्रस्तावना :
जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडून प्रस्तुत लेखकास ज्यूल्स व्हर्न यांच्या 'अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज' या साहसकादंबरीची कागदी बांधणीची इंग्रजी प्रत मिळाली. प्रतीवर एका ग्रंथालयाचा 'रद्द' असा शिक्का आहे. अकराव्या प्रकरणाच्या समासात कोणा अज्ञात वाचकाने पेन्सिलीने '१८७०?' एवढेच लिहिले आहे. या नोंदीचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कादंबरीतील लोहमार्ग :
मूळ फ्रेंच कादंबरी १८७२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पॅरिसच्या 'ल तां' या दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा नायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबर १८७२ रोजी मुंबईस उतरतो आणि खानदेश, बऱ्हाणपूर या मार्गाने रेल्वेने कोलकात्याकडे निघतो. मात्र अलाहाबाद सुमारे ५० मैल दूर असताना रूळ संपतात. फॉग हत्ती विकत घेऊन अरण्यात शिरतो आणि तेथे सती दिल्या जाणाऱ्या आऊदाची सुटका करतो.

वस्तुस्थिती :
मुंबई-ठाणे रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली. थळ घाटातील मार्ग १८६५ मध्ये, तर अलाहाबाद-जबलपूर मार्ग १८६७ मध्ये खुला झाला. ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून येणारा मार्ग जबलपूर येथे त्यास जोडला गेला व मुंबई-कोलकाता रेल्वेप्रवास अखंड झाला. म्हणजेच कादंबरीत जेथे रूळ संपतात, तेथून पाच वर्षे गाड्या धावत होत्या. अज्ञात वाचकाची शंका रास्त होती.

विवेचन :
व्हर्न भारतात कधीही आले नव्हते. कादंबरीकारास कल्पनास्वातंत्र्यही असते. तथापि हे ५० मैल कशासाठी रिकामे ठेवले गेले, हा प्रश्न उरतो. ब्रिटिश मुलखात १८२९ पासून सतीबंदी होती व कादंबरीही ती मान्य करते. रूळ संपतात तेथेच रानटीपणा सुरू होतो, अशी रचना तीत दिसते. रेल्वे म्हणजे सुधारणा आणि रेल्वेबाहेरचा भारत म्हणजे अंधार, ही तत्कालीन युरोपीय धारणा ठसविण्यासाठी तो खंड आवश्यक होता. समासातील प्रश्नचिन्ह नेमके त्या धारणेवर बोट ठेवते.

निष्कर्ष :
ग्रंथालयाच्या देवघेव नोंदींवरून पुस्तक किती जणांनी नेले हे समजते. त्यांनी ते कसे वाचले हे समजत नाही. वाचकाचा संशय केवळ त्याने हाताळलेल्या प्रतीतच टिकून राहतो. कागदी बांधणीच्या स्वस्त प्रती सहज बदलता येतात, म्हणून त्याच प्रथम रद्दीत जातात. अशा प्रती रद्द करण्यापूर्वी त्यांचे समास एकदा तपासले जावेत, एवढीच या निमित्ताने अपेक्षा आहे. प्रस्तुत प्रत रद्दीत गेली असती, तर कादंबरी नष्ट झाली नसती. तिला प्रश्न विचारणारा वाचक मात्र कायमचा हरवला असता.