ज्युनिअर कॉलेजातून जैव-अभियांत्रिकीकडे

पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे अध्यापन हे खऱ्या विद्यापीठाचे कार्य नव्हे, ते माध्यमिक शाळांनीच उरकावे, असे मत विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ज्यांनी हिरिरीने मांडले, त्यांत शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि स्टॅनफर्डचे डेव्हिड स्टार जॉर्डन हे अग्रभागी होते. आणि विद्यापीठातील गर्दी हटविण्याच्या या काहीशा अभिजनी हेतूतूनच पुढे सामान्यांच्या मुलांसाठी उच्च शिक्षणाचा सर्वांत रुंद दरवाजा उघडावा, ही इतिहासाची थट्टाच म्हणावी लागेल. कॅलिफोर्नियाने 1907 साली कायदा करून माध्यमिक शाळांना ही दोन वर्षे शिकविण्याची मुभा दिली, आणि 1910 साली फ्रेस्नो येथे तेथील पहिले ज्युनिअर कॉलेज सुरू झाले.

1960 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष क्लार्क केर यांच्या पुढाकाराने झालेल्या 'मास्टर प्लॅन'ने या व्यवस्थेला सनदच दिली : राज्यातील शालान्त विद्यार्थ्यांपैकी वरच्या अष्टमांशाला कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या तृतीयांशाला राज्य महाविद्यालये, आणि ज्युनिअर कॉलेजे मात्र सर्वांना खुली. तेथून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात येणाऱ्यांस जागा उरावी, म्हणून कनिष्ठ व वरिष्ठ वर्गांचे प्रमाण चाळिसास साठ ठेवण्याचेही ठरले. विशेष म्हणजे 1984 पर्यंत या कॉलेजांत फी नव्हती.

परंतु दरवाजा खुला असणे निराळे आणि दुसऱ्या टोकास पोहोचणे निराळे. एका संस्थेचा अभ्यासक्रम दुसरीने कोणत्या विषयाच्या बरोबरीचा मानावा, याचे विषयवार करारनामे करावे लागले. आणि जैव-अभियांत्रिकीसारख्या शाखेत तर विद्यार्थ्याचे भवितव्य त्या करारनाम्यांच्या तपशिलावरच टांगलेले राहिले. ही शाखा सॅन डिएगो येथे 1966 साली उभारणाऱ्या तिघांपैकी वाय. सी. फंग हे मूळचे विमानांच्या पंखांचे गणित मांडणारे; रक्तवाहिन्या आणि फुप्फुसे यांच्याकडे ते पुढे वळले. ज्या शाखेच्या संस्थापकाने चाळिशी उलटल्यावर रस्ता बदलला, तिच्यात शिरू पाहणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराने मात्र पहिल्याच सत्रात सगळे ठरवून टाकावे, अशी तिची अपेक्षा!

कारण विषय एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. कलनाचे आधीचे भाग झाल्यावाचून अवकल समीकरणे नाहीत. कलनाची बैठक नसता अभियंत्यांसाठीचे भौतिकशास्त्र नाही. सामान्य रसायन संपल्याखेरीज सेंद्रिय रसायनाच्या वर्गात प्रवेश नाही. आपल्याकडील इंटर सायन्सचा विद्यार्थी आखून दिलेला एकच अभ्यासक्रम घोकीत असे. अमेरिकेतील ज्युनिअर कॉलेजात तो विद्यार्थ्याने स्वतःच आखायचा. बीजगणिताच्या उजळणीपासून आरंभ करणाऱ्याला दोन वर्षे पुरत नाहीत. आणि लहान कॉलेजात एखादा विषय वर्षातून एकदाच शिकविला जात असेल, तर चुकलेले एक सत्र म्हणजे गमावलेले वर्ष. त्यातच एका विद्यापीठ-शाखेला सेंद्रिय रसायन हवे, तर दुसरीला संगणक-आज्ञावली. भाषा-इतिहासादी सामान्य विषयांचा जो गठ्ठा कलाशाखेच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडतो, तो आधी पुरा करण्याच्या नादात भावी अभियंत्याचे गणित मागे पडते.

सत्रांचा घोळ वेगळाच. काही संस्था वर्षाची दोन सत्रे धरतात, काही तीन. त्यामुळे भौतिकशास्त्राची मालिका अर्धी इथे, अर्धी तिथे केली, तर विद्युच्चुंबकत्व दोनदा पदरी पडावे आणि प्रकाशशास्त्र मुळीच पडू नये, असा प्रसंग येतो. म्हणून अनुभवी समुपदेशक बजावतात, की मालिका जिथे सुरू केली, तिथेच ती संपवावी.