मामा : शब्द एक, नाती अनेक

'मामा' हा दोन अक्षरांचा शब्द मराठीत आईच्या भावाचा वाचक आहे. संस्कृतात या नात्यासाठी 'मातुल' हा शब्द रूढ असला, तरी मामाला हाक मारताना योजलेले 'माम' हे संबोधनही तेथे आढळते. मराठी 'मामा' याच संबोधनाच्या घराण्यातला. हिंदी, गुजराती आणि बंगालीतही त्याचा अर्थ हाच आहे. मराठीने मात्र त्याची व्याप्ती वाढवली. रस्त्यावरचा पोलीसही 'मामा' झाला आणि 'मामा बनवणे' म्हणजे फसवणे असा वाक्प्रचार रूढ झाला.

दक्षिणेकडे गेल्यास या शब्दाला आणखी एक पदर सापडतो. मामाच्या मुलीशी विवाह जेथे संमत आहे, तेथे मामा हाच सासरा होतो. त्यामुळे तमिळमधील 'मामा' आणि तेलुगूतील 'माम' हे शब्द दोन्ही नात्यांना लागू पडतात. तमिळमध्ये आत्याचा नवराही 'मामा'च. उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवर वसलेल्या महाराष्ट्रातही या चालीच्या खुणा आहेत. जुन्या पिढीतील सुना सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूबाईंना 'आत्याबाई' म्हणत. मामाच्या मुलीशी लग्न झाल्यास तिची सासू ही तिची आत्याच असते, हे ध्यानात घेतले की या संबोधनांचा उलगडा होतो. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेसंबंध आणि नातेवाचक शब्द यांची सविस्तर मांडणी केली आहे.

भारताबाहेर या ध्वनीचे अर्थ अधिकच पालटतात. चिनी, स्वाहिली आणि दक्षिण अमेरिकेतील केचुआ या भाषांत 'मामा' म्हणजे आई. जॉर्जियन भाषेत मात्र 'मामा' म्हणजे वडील आणि आईला 'देदा' म्हणतात. ऑस्ट्रेलियातील पित्जांतजातजारा या आदिवासी भाषेतही 'मामा' हा पिताच आहे. तुर्की भाषेत 'मामा' म्हणजे तान्ह्या मुलाचे अन्न. जपानी बाळाचा 'माम्मा' आणि मराठी बाळाचे 'मंमं' हेही खाऊचेच शब्द. लॅटिनमध्ये 'माम्मा' म्हणजे स्तन. त्यावरूनच लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५८ साली सस्तन प्राण्यांच्या वर्गाला 'मॅमेलिया' हे नाव दिले.

एवढे साम्य पाहून या सर्व भाषा एकाच मुळातून निघाल्या, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. आपलीच भाषा ते मूळ आहे, असे म्हणण्याचा मोह तर त्याहून मोठा. भाषाशास्त्र मात्र वेगळे उत्तर देते. जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातून जमवलेल्या आई-वडीलवाचक १०७२ शब्दांच्या आधारे रोमान याकोबसन यांनी दाखवले, की आईसाठीच्या शब्दांपैकी सुमारे ५५ टक्क्यांत 'म', 'न' यांसारखी अनुनासिके येतात; वडिलांसाठीच्या शब्दांत हे प्रमाण सुमारे १५ टक्केच आहे. दूध पिताना ओठ मिटलेले असताना बाळ नाकातून जो हुंकार काढते, तो पुढे भुकेची आणि आईची हाक बनतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अर्थात, बाळ केवळ ध्वनी काढते, त्याला अर्थ देतात ती भोवतालची मोठी माणसे. कुठे तो आईला मिळाला, कुठे वडिलांना, कुठे खाऊला, तर आपल्याकडे आईच्या भावाला.

भाषांचे खरे नाते ओळखण्याची कसोटी म्हणूनच निराळी आहे. संस्कृत 'पितृ', लॅटिन 'पातेर' आणि इंग्रजी 'फादर' हे शब्द वरवर तितकेसे सारखे नाहीत. तरीही ते एका कुळातले आहेत, कारण संस्कृत-लॅटिनमधील आरंभीच्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येणे हे 'पाद' आणि 'फुट' अशा इतर शब्दांतही नियमाने दिसते. जॉर्जियन आणि मराठी 'मामा' अगदी हुबेहूब सारखे असूनही त्यांच्यात असा कोणताही नियम दाखवता येत नाही. शब्दांची सोयरीक नुसत्या नादावरून जुळवू नये, हाच या दोन अक्षरांचा धडा आहे.