बंद दुकानाचं मागचं दार

आमच्या काकांचं बुलढाण्यात किराणा दुकान होतं. आठवड्यातून एक दिवस त्याच्या पुढच्या दाराला 'आज दुकान बंद आहे' अशी पाटी लागे आणि मागच्या दाराने विक्री सुरू होई. गिऱ्हाइकंही सरावलेली होती. पाटी वाचायची, "अरेच्चा, आज बंद वाटतं!" असं चार लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचं आणि बोळातून मागे यायचं. आम्हा पोरांकडे बोळाच्या तोंडाशी गोट्या खेळण्याची जबाबदारी असे. "कोणी साहेब आला तं सांगजो, काका पूजेले बसले हायेत," असं काका बजावत. एवढी पूजा करताना काकांना प्रत्यक्ष देवानेही कधी पाहिलं नसेल.

हा सारा खटाटोप एका कायद्यापायी होता. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, 1948. महाराष्ट्र झाल्यावर तो आमच्या विदर्भातही आला. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचं आणि तो दिवस कोणता हे आधी कळवून तशी नोटीस भिंतीवर लावायची, असं त्यात होतं. काकांना हे मुळीच पटत नसे. "दुकान माझं, गूळ माझा, मुंग्याही माझ्याच! सरकारचं काय जातं? सुट्टी ही इंग्रजांची थेरं. आपल्यात होतं का असं काही?"

काका म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. पुढे वाचनात आलं ते वेगळंच. इंग्रजांना रविवार ठाऊक होता हे खरं. रोमच्या कॉन्स्टंटाइन बादशहाने 321 सालीच रविवारी कामं बंद ठेवण्याचा हुकूम काढला होता. शेतकऱ्याला मात्र त्यातून वगळलं होतं. पण इंग्रजांच्या राज्यात मुंबईच्या गिरणी कामगाराला हा रविवार आपसूक मिळाला नाही. तो उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत राबत होता. त्याचा कळवळा मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनाही आला होता, कारण मुंबईचं स्वस्त सूत त्यांच्या धंद्याला जाचत होतं. असा कळवळा फार मनापासूनचा असतो!

रविवार आणला तो नारायण मेघाजी लोखंडे या मराठी माणसाने. जोतीराव फुल्यांचा हा सत्यशोधक सहकारी 'दीनबंधु' चालवायचा. 1884 साली त्यांनी कामगारांच्या सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती. रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्यांनी मालकांना सुनावलं, असं सांगतात. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले आणि दोन बायकांनीही भाषणं केली. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. म्हणजे आपण रविवारी दुपारी जेवून जी तंगडी पसरतो, ती अर्ज करून मिळवलेली तंगडी आहे.

आणि 'आपल्यात नव्हतं' हेही खोटंच. कोकणातले बेने इस्रायल तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली'च म्हणू लागले. त्यांच्यावर काही इन्स्पेक्टर नेमला नव्हता. इतकं लांब तरी कशाला जायचं? आमच्याच घरी पोळा होता. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होई. पोळ्याला तर शिंगांना रंग, पाठीवर झूल आणि पुरणपोळीचा घास. त्या दिवशी जू उचललेलं काकांना खपत नसे. "मुक्या जिवाले एक दिवस तं पाहिजेच," म्हणताना त्यांचे डोळे खरोखर पाणावत.

त्याच वेळी मागच्या दाराशी मामा साखर तोलत असत. मामा म्हणजे आमच्या दुकानातले नोकर. बंदचा दिवस असो की पोळा, मामा हजर. मी एकदा विचारलं, "मामा, आज सुट्टी ना तुम्हाला? मग येता कशाले?"

मामांनी पुडीला दोरा गुंडाळला. "बाळा, नाही कसं म्हणू? उद्या पुन्हा इथंच यायचं हाय."

त्या कायद्यात आणखी एक कलम होतं. बंदच्या दिवशी नोकराला कामाला बोलावायचं नाही आणि त्या दिवसाचा पगार कापायचा नाही. पाटी दुकानाला लागत होती, पण सुट्टी मामांची होती. आम्ही पोरं बोळात पहारा करत होतो तो कुणाविरुद्ध, हे कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले. काका दुष्ट नव्हते. "मी बंद ठेवलं तं गिऱ्हाईक शेजारी जाईल," ही त्यांची भीतीही खोटी नव्हती. म्हणूनच सगळ्यांना एकदम बंद ठेवायला लावणारा कायदा लागतो. एकट्याचा चांगुलपणा शेजारचं दुकान उघडं दिसेपर्यंतच टिकतो.

पुढे 2017 साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. दुकान वर्षाचे 365 दिवस उघडं ठेवा, पण कामगाराला आठवड्याची सुट्टी द्या. वाचून मी मनात म्हटलं, सरकारला मामा सापडले! मग खालची अट वाचली: दहा किंवा अधिक कामगार असतील तिथेच.

आमच्या दुकानात नोकर एकच होते. काका आज असते तर पुढचं दार खुशाल उघडून बसले असते, आणि मामा आत साखर तोलत असते.