देणगीच्या वहीत न सापडणारं दान : पंडिता रमाबाई आणि पुणे



माझ्यासारखा विज्ञानातून एमएससी करून आलेला माणूस इतिहासाकडे वळला, की एक सवय लवकर सुटत नाही. जे मोजता येतं तेच पुरावा मानायचं. 'औदार्य' असा विषय मिळाला तर आपण आधी देणग्यांचे आकडे शोधायला लागतो. ही सवय कुठे कमी पडते, ते आज पुण्यातल्याच एका उदाहरणावरून बघू.

रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे अमेरिकेत निधी जमवून त्यांनी 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि 1890 मध्ये ते पुण्यात आणलं. आता हिशेबाची वही उघडली तर काय दिसतं? बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनकडून आलेले पैसे. म्हणजे वहीपुरतं बघितलं तर दाते अमेरिकन आणि रमाबाई फक्त व्यवस्थापक! इथेच थांबलात तर निष्कर्ष चुकलाच म्हणून समजा.

मग रमाबाईंनी स्वतः काय दिलं? पहिली गोष्ट म्हणजे घर. केशवपन झालेल्या, कोणाच्या पंक्तीला न चालणाऱ्या मुली त्यांच्याच छपराखाली राहत, शिकत. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे झाल्या. त्यांचं 'माझे पुराण' हे आत्मकथन जरूर वाचा. संस्थेच्या अहवालात जी 'एक विद्यार्थिनी' असते, ती तिथे माणूस म्हणून भेटते.

दुसरी गोष्ट, आवाज. 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. प्लेगच्या रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती राज्यकर्त्यांचं, आणि टीका करणारी बाईही ख्रिस्ती. हे पत्र कोणत्याही देणगीच्या रकान्यात बसत नाही, पण त्याची जोखीम खरी होती.

तिसरी गोष्ट, श्रम आणि कौशल्य. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांचे आईवडील आणि मोठी बहीण दक्षिणेत भटकंती करताना उपासमारीनेच गेले होते, हे लक्षात ठेवा. प्लेगच्या निर्बंधांमुळे इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना, म्हणून सोलापूरच्या रेल्वेमार्गावर केडगावला मुक्तिसदन उभं राहिलं. तिथे मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, छपाई अशी कामं त्यांच्या हातात दिली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या बायकांना कळेल अशा मराठीत भाषांतर केलं, आणि ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात. 1922 मध्ये रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. एका विदुषीने आपली वर्षं कोणासाठी खर्च केली, हाही एक हिशेबच आहे ना?

आता अवघड भाग. तो टाळू नका, व्हायव्हाला तोच विचारला जातो. 1893 मध्ये पुण्यात वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि मुली येऊन बसत. ज्या संस्थेत धर्मप्रचार होणार नाही असं ठरलं होतं, तिथे हे चालेल का? रानडे, भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. 'केसरी'ने तर कडाडून टीका केली.

माझं म्हणणं असं : हे भांडण मुळात पैशावरून नव्हतंच, उघड्या दारावरून होतं. पैसा दुरून देता येतो, देणारा आहे तसाच राहतो. पण घर, वेळ आणि सोबत दिली की देणाऱ्याची श्रद्धाही त्याबरोबर घरात येते. रमाबाईंच्या बाजूने बघितलं तर आपला देव लपवून ठेवणं हा खोटेपणा झाला असता. पालकांच्या बाजूने बघितलं तर ज्या मुलीला जायला दुसरं घरच नाही, तिची निवड कितपत मोकळी? दोन्ही प्रश्न खरे आहेत. संशोधकाने त्यातला एक पुसून टाकला, की उरतं ते चरित्रगान नाहीतर आरोपपत्र.

बायबलमध्ये एका गरीब विधवेची गोष्ट आहे. तिने टाकलेली दोन छोटी नाणी श्रीमंतांच्या दानापेक्षा मोठी ठरतात, कारण मोजमाप रकमेचं नसून मागे काय उरलं याचं आहे. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर एककच बदललं. तुमच्या विषयातही कधीतरी हे करून बघा. वहीत 'किती दिलं' ते वाचून झालं की पत्रं, आत्मकथनं आणि त्या काळची वर्तमानपत्रं उघडा, आणि विचारा : देणाऱ्याचं काय पणाला लागलं होतं? आणि घेणाऱ्याला नाही म्हणता येत होतं का?

प्रश्न असतील तर नक्की कळवा. भेटू पुढच्या लेखात.