संदर्भसूचीची शिस्त

शोधनिबंधात घेतलेला विचार वा आकडा मुळात कोणाचा, हे सांगणारी नोंद म्हणजे संदर्भ. तो देण्याच्या दोन पद्धती विशेष रूढ आहेत. हार्वर्ड पद्धतीत मजकुरातच लेखकाचे आडनाव व प्रकाशनवर्ष कंसात देतात आणि शेवटची सूची आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावतात. तिचा उगम हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील निबंधात मानला जातो.

व्हँकुव्हर पद्धत मुख्यत्वे वैद्यकीय नियतकालिकांत प्रचलित आहे. प्रत्येक नियतकालिकाचे नियम निराळे असल्याने लेखकांना हस्तलिखित पुन्हा पुन्हा बदलावे लागे. यावर तोडगा काढण्यासाठी १९७८ मध्ये काही संपादक कॅनडातील व्हँकुव्हर येथे जमले. १९७९ मध्ये त्यांचे समान नियम प्रसिद्ध झाले. या पद्धतीत संदर्भ मजकुरात प्रथम ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने त्यांना अंक दिले जातात. सूचीत लेखक, शीर्षक, नियतकालिकाचे संक्षिप्त नाव, वर्ष, खंड व पृष्ठे असा तपशील येतो. लेखक सहापेक्षा अधिक असल्यास सामान्यतः पहिल्या सहा नावांनंतर ‘व इतर’ या अर्थाची खूण करतात.

संगणकप्रणाली ही मांडणी क्षणात बदलते. परंतु मुळात चुकीचे नोंदलेले वर्ष त्यामुळे बरोबर होत नाही. मूळ लेख न वाचता दुसऱ्याच्या सूचीतून संदर्भ उचलल्यास चूकही सोबत येते. कृत्रिम बुद्धिमत्ता तर अस्तित्वात नसलेले संदर्भही रचू शकते. म्हणूनच प्रत्येक नोंद मूळ लेखाशी ताडून पाहावी आणि तो लेख मागे घेतला गेलेला नाही, याचीही खात्री करावी. वाचकाला मूळ पुराव्यापर्यंत पोहोचविणे, हेच संदर्भाचे प्रयोजन होय.