बिहारचा भूकंप, अफवा आणि विसंवादाची उपपत्ती

सामाजिक मानसशास्त्रातील उपपत्ती प्रयोगशाळेतच जन्मास येतात, असा ग्रह पाठ्यपुस्तकांच्या वाचनाने सहज होतो. बोधात्मक विसंवादाच्या उपपत्तीचा इतिहास या ग्रहास छेद देतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर याने १९५७ साली ती ग्रंथरूपाने मांडली. परंतु तिच्या मुळाशी असलेला पेच बिहारमधील अफवांच्या एका अभ्यासातून उद्भवला, हे त्यानेच प्रस्तावनेत नमूद केले आहे.

१५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहार व नेपाळ या प्रदेशांस भूकंपाचा प्रचंड धक्का बसला. दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी संकलित केल्या आणि १९३५ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’त त्यांचे विवेचन केले. गंगेचे पाणी एकाएकी नाहीसे झाले. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार. २६ फेब्रुवारीस प्रलय ओढवणार, अशा या कंड्या होत्या. प्रसंग भावनाक्षोभक, अपरिचित व समूहाच्या आस्थेचा असावा आणि त्यातील पुष्कळसे अज्ञात व पडताळून पाहण्यास अशक्य असावे, अशी अफवांच्या उत्पत्तीची परिस्थिती प्रसाद यांनी सांगितली. अफवा ही त्यांच्या मते समूहाची प्रतिक्रिया होय. समूहाचा परंपरागत विश्वाससंचय तिला आकार देतो. १९५० साली त्यांनी या अफवांची पूर्वीच्या भूकंपांतील अफवांशी तुलनाही केली.

१९५१ च्या अखेरीस फोर्ड प्रतिष्ठानाच्या वतीने फेस्टिंगर व त्याचे सहकारी सामाजिक प्रभावविषयक संशोधनाचा आढावा घेऊ लागले, तेव्हा प्रसाद यांचा लेख त्यांच्यापुढे आला. भयभीत माणसे भय वाढविणाऱ्या वार्तांवरच विश्वास का ठेवतात, हा प्रश्न त्यांस पडला. फेस्टिंगरचे उत्तर असे की, ज्यांना धक्का जाणवला परंतु भोवती विध्वंस दिसला नाही, त्यांच्या मनात भय होते. त्याला कारण मात्र दिसत नव्हते. हा विसंवाद अफवेने मिटविला. तिने भय निर्माण केले नाही, असलेल्या भयाचे समर्थन केले. या तर्कास दुर्गानंद सिन्हा यांच्या १९५२ सालच्या लेखाचा आधार मिळाला. १९५० साली दार्जिलिंग येथे दरडी कोसळल्या; तेथे विध्वंस प्रत्यक्ष डोळ्यांसमोर होता, आणि अधिक भीषण अरिष्टाची भाकिते करणाऱ्या अफवा तेथे उठल्या नाहीत.

ही तुलना उद्बोधक असली तरी निर्णायक नाही. आपत्तीचा प्रकार, काळ व समाज हे तिन्ही भिन्न असताना एकाच घटकास कारणत्व देणे साहसाचे ठरते. शिवाय भयास समर्थन हवे असते, एवढ्याने ते समर्थन ग्रहणाच्या वा प्रलयाच्या रूपानेच का यावे, याचा उलगडा होत नाही. मकर राशीतील सप्तग्रहयोगाची ज्योतिषांनी केलेली चर्चा त्या जानेवारीत लोकांच्या कानी होतीच. फेस्टिंगरने अफवेचे प्रयोजन व्यक्तीच्या मनात शोधले. प्रसाद यांनी तिची घडण समूहाच्या परंपरेत पाहिली. हे प्रश्न दोन आहेत आणि पहिल्याच्या उत्तराने दुसरा निकालात निघत नाही.

तथापि पुढील काळात पहिलाच प्रश्न पुढे आला. १९५९ साली फेस्टिंगर व कार्लस्मिथ यांनी कंटाळवाणे काम मनोरंजक होते असे सांगण्यासाठी काहींना एक, तर काहींना वीस डॉलर दिले. एक डॉलर मिळालेल्यांनाच ते काम अधिक रुचकर वाटू लागले. या प्रयोगाने उपपत्तीस कीर्ती लाभली, आणि बिहारच्या अफवा केवळ तिच्या पूर्वपीठिकेत उरल्या. प्रसाद यांची सामग्री स्वीकारली गेली, त्यांची मीमांसा मागे पडली.

भारतीय समाजाने केवळ निरीक्षणे पुरवावीत आणि संकल्पना अन्यत्र घडाव्यात, ही विभागणी येथे स्पष्ट दिसते. ज्यांच्या लेखाने फेस्टिंगरच्या तर्कास बळ दिले, त्याच सिन्हांनी पुढे भारतीय मानसशास्त्राने उसन्या संकल्पनांवर विसंबू नये, असा आग्रह धरला. म्हणून विसंवादाच्या उपपत्तीचे अध्ययन करताना १९३५ चा मूळ लेख केवळ पुरावा म्हणून न वाचता प्रतिस्पर्धी उपपत्ती म्हणून वाचणे अगत्याचे आहे.